काकूंच्या लाइनचं पाणी

मीठकाकांनी उभ्या आयुष्यात टनावारी मीठ विकलं, पण त्यातलं चिमूटभरसुद्धा कुणाच्या ताटात गेलं नसेल. त्यांचं मीठ जाडं, खडीसारखं, गोणीत भरलेलं. ते जायचं घरोघरच्या, पाणी हलकं करणाऱ्या सॉफ्टनरच्या पोटात. तिथलं पाणीच असं जड की साबणाला फेस येईना, किटलीच्या बुडाशी पांढरं कवच धरे, आणि शॉवरची भोकं एकेक करून बुजत जात. सॉफ्टनरच्या टाकीतले मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात, आणि मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. तेवढं मीठ संपलं की काका गोणी खांद्यावर टाकून दारात हजर. माणूस बोलायला गोड, धंदा खारट, असं त्यांची बायकोच म्हणायची.

मिठाखेरीज काकांचा एक जोडधंदा होता, तो म्हणजे भुतं उतरवणं. म्हणजे असं की जुन्या पाइपांत क्षार साचले की पाण्याची वाट अरुंद होते, आणि नळ सोडला की पाइप कण्हतो, शीळ घालतो, कधी भिंतीत ठकठकतो. लोक घाबरतात. कुणी दबक्या आवाजात सांगायचं, "काका, आमच्या न्हाणीघरात कुणीतरी रडतं हो." काका भिंतीला कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "भूत आहे. रंग पांढरा, नाव क्षार. जेवायच्या आत उतरवतो." घरातली माणसं हसली की काकांना कामाचे अर्धे पैसे तिथेच मिळाल्यासारखे वाटायचे.

असंच एक भूत त्यांनी छापखानेवाल्या आजोबांकडे उतरवलं होतं. आजोबा एकटे राहायचे, हातांच्या नखांत अजून शाई. त्यांच्या गरम पाण्याच्या नळाला एक बारीक आवाज होता, श्वास अडकत अडकत बोलणाऱ्या माणसासारखा. आजोबांची काही तक्रार नव्हती; काका गेले होते मीठ टाकायला. पण आपल्या हद्दीत पाइप कण्हतोय हे काकांना कसं सहन होणार? त्यांनी हौसेने, फुकटात, पाइप उघडून साफ करून दिला. आजोबा दारात उभे राहून बघत होते. काम झाल्यावर नळ सोडून त्यांनी विचारलं, "आता नाही का येणार आवाज?"

"अजिबात नाही. गॅरंटी," काका म्हणाले.

आजोबांनी नळ बंद केला आणि चहा विचारायचं विसरले. म्हातारपणी माणूस तुटक होतो, असा निकाल लावून काका तिथून निघाले. आपण काय उचलून नेलं हे त्यांना कळायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो ते पाहा. ज्या माणसाने सगळ्या वस्तीचं पाणी हलकं केलं, त्याची स्वतःची बायको जड पाण्याने आंघोळ करत होती. काकूंना सॉफ्टनरचं पाणी सोसत नसे. "अंगावरचा साबण जातच नाही. किती पाणी घेतलं तरी आपली बुळबुळीत मासोळीच. माझ्या न्हाणीच्या पाण्याला तुमचं मीठ लावायचं नाही," असं त्यांनी घर बांधतानाच बजावलं होतं. काकांनी वाद घालून पाहिला, आणि बायकोशी वाद घालणाऱ्या सगळ्यांचं होतं तेच त्यांचं झालं. साऱ्या घराला सॉफ्टनरची लाइन, आणि काकूंच्या न्हाणीघराला मात्र रस्त्यावरून थेट आलेलं, जसं असेल तसं पाणी. या धंद्यातली माणसं एखादा नळ असा मोकळा सोडतात, तो स्वयंपाकघरात, प्यायच्या पाण्याचा. न्हाणीघराची लाइन मोकळी सोडणारे काका एकटेच. मित्रमंडळींत तिला नावच पडलं, काकूंची लाइन.

त्या न्हाणीघरात काकू गुणगुणायच्या. गाणं त्यांना येत नव्हतं. एक सूर घ्यायचा, तो चढवायचा, वर गेल्यावर जरा थांबायचं आणि मग जणू दुसरं काही काम आठवल्यासारखं मध्येच सोडून द्यायचं, एवढंच. मुलीला आंघोळ घालतानाही तेच. या मुलीचं घरातलं नाव टकळी, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. टकळी बोलायची, आई गुणगुणायची, आणि बाहेर काका ओरडायचे, "अगं, पाणी संपेल." पाणी कधी संपलं नाही.

काकू गेल्या त्या एका हिवाळ्यातल्या लहानशा आजारपणाने. कुणालाच वाटलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. घर रिकामं झाल्यावर काका बरेच दिवस त्या न्हाणीघरात गेलेच नाहीत. मग एका सकाळी, दुसऱ्या न्हाणीघरातल्या नळाचं वायसर गेलं म्हणून, त्यांनी इथला गरम पाण्याचा नळ सोडला. आधी नुसती खरखर आली. मग एक सूर निघाला, चढला, वर गेल्यावर थांबला आणि मध्येच सुटला.

काकांना लगेच कळलं की हा गीझर आहे. इतक्या वर्षांचं जड पाणी, त्याच्या तोंडाशी क्षारांनी धरलेलं कडं, त्यातून वाट काढणारं गरम पाणी. शंभर घरांत ऐकलेला आवाज. सगळं कळलं, आणि कळूनही ते तिथेच उभे राहिले, पाणी थंड होईपर्यंत. त्या दिवसापासून ते रोज तिथेच आंघोळ करू लागले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भुतं उतरवणाऱ्याने आपल्या घरी भूत पाळलंय, हे सांगणार तरी कुणाला?

पुढे टकळी बाळंतपणाला माहेरी आली आणि राहिली. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यातच. तिचं तोंड आई गेल्यापासून मिटलं होतं ते तान्हुली झाल्यावरही फारसं उघडलं नाही. बाप-लेक एकमेकांशी बोलायचे ते दूध, झोप, औषध एवढंच. काकूंचा विषय दोघेही टाळायचे, आणि समोरच्याला दुखू नये म्हणून आपण गप्प आहोत असं दोघांनाही वाटायचं.

त्याच सुमारास पाणीखात्याचा हुकूम आला. सॉफ्टनर धुतलेलं खारं पाणी गटारातून थेट ओढ्यात जातं, काठची झाडं वाळायला लागली, तेव्हा मिठाचे सॉफ्टनर वर्षअखेरपर्यंत काढा. काकांच्या धंद्यावरच कुऱ्हाड आली. पण ते फार कुरकुरले नाहीत. पाठही आता गोण्यांना कंटाळली होती. प्रश्न लोकांचा होता. शेजारच्या नर्सबाई, नोकरीतून निवृत्त झालेल्या पण हुकूम सोडायच्या न थांबलेल्या, दुसऱ्याच दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "मीठकाका, बिनमिठाची म्हणे हजार यंत्रं निघालीत. खरं कुठलं आणि थाप कुठली, ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते आम्ही सगळे घेऊ."

काकांची परीक्षा साधी होती. दोन किटल्या. एकीत यंत्राच्या अलीकडचं पाणी, दुसरीत पलीकडचं. रोज उकळायचं आणि आठवड्याने बुडाशी बोट फिरवून बघायचं. पण त्यासाठी जड पाणी हवं, आणि काकांच्या घरात जड पाण्याची लाइन एकच होती. ती कुठली, हे सांगायला नकोच.

आधी आली चुंबकांची जोडी. पाइपला दोन्ही बाजूंनी आवळायची, झालं काम. दोन्ही किटल्या सारख्याच पांढऱ्या झाल्या, आणि न्हाणीघरातला सूर होता तसाच राहिला. काकांनी चुंबकं काढून फ्रिजवर चिकटवली; तिथे ती उपयोगी पडली. मग आला विजेचा डबा, त्याची तार पाइपभोवती गुंडाळायची. दिवा छान हिरवा लागला, बाकी काही नाही. तिसरं होतं औषधाच्या गोळ्यांचं काडतूस, पाण्याच्या वाटेत बसवायचं; त्याने थोडा फरक पडला, पण गोळ्या विरघळलेलं पाणी बाळाच्या अंगावर नको, असं नर्सबाईंनी ठणकावलं. एकेक यंत्र नापास झालं की काका मान हलवायचे, "लोकांना फसवतात नुसते." आतून मात्र त्यांना हायसं वाटायचं, आणि हायसं वाटतं याची लाज वाटायची.

चौथी होती बारीक मण्यांची टाकी. तिला मीठही नको, वीजही नको. ती क्षार काढून घेत नाही. पाण्यातच त्यांचे इतके बारीक कण करते की ते कुठे चिकटत नाहीत. म्हणून पाणी तपासायची पट्टी बुडवली तर रंग आधीसारखाच येतो, आणि लोक म्हणतात फसलो. काका फसणारे नव्हते. त्यांच्या दुसऱ्या किटलीत पहिल्याच आठवड्यात कवचाऐवजी नुसती भुकटी बसली, बोटाने पुसली की गेली. टाकी पास होणार, हे त्यांनी ओळखलं. थोड्या दिवसांनी शॉवरमधून पांढऱ्या खपल्या पडू लागल्या, म्हणजे आतलं जुनं कवचही सुटू लागलं होतं. आणि एका सकाळी सूर चढला तो वर पोचलाच नाही. मध्येच चिरकला.

काका ओल्या अंगाने बाहेर आले आणि टाकीचा बायपासचा कॉक फिरवून टाकला. आता पाणी टाकीला टाळून थेट गीझरकडे जाणार होतं. दोन दिवस त्यांनी तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं, कारण अख्खी वस्ती आपल्या शब्दावर बसली आहे, तेव्हा त्यांनी कॉक पुन्हा होता तसा केला.

पुढच्या वेळी ते टाकीपाशी गेले तर कॉक बायपासवर होता.

आपणच विसरलो असू, असं म्हणून त्यांनी तो सरळ केला. काही दिवसांनी पाहतात तर पुन्हा तेच. काकांच्या अंगावर काटा आला. घरात टकळी आणि तान्हुली, आणि टकळीला या कामात लक्ष घालायला फुरसत कुठे होती? त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं. आरसा, फडताळ, खुंटीवरचा टॉवेल, सगळं जागच्या जागी. तरी कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलंय असं त्यांना वाटलं. माझ्या पाण्याला हात लावायचा नाही, असं बजावणारी बाई ती. ऐकणार होती थोडीच? काकांना भीती वाटली, आणि भीतीच्या कितीतरी पट आनंद झाला. रिकाम्या न्हाणीघराला ते हळूच म्हणाले, "बरं बाई. नाही लावत."

त्यानंतर त्यांनी कॉकला हात लावला नाही. किटलीत पुन्हा कवच धरलं. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मण्यांचंही काही खरं नाही." हे सांगताना त्यांनी नजर कुंपणावर ठेवली. ज्याने स्वतःवर कधी खोटं बोलायची वेळ येऊ दिली नव्हती, त्याला पहिलं खोटं फार जड जातं. नर्सबाईंनी ते खरं मानून चार घरांत सांगितलं.

सूर परत भरात आला. रोज सकाळी तो चढायचा, थांबायचा, सुटायचा. मग त्याच्यामागे आणखी एक आवाज सुरू झाला, गीझरच्या बुडातून, ठक ठक. दुसऱ्या कुणाच्या घरी हा ठकठकाट ऐकला असता तर काकांनी पायातले बूट न काढता आधी गीझरचं बटण बंद केलं असतं. स्वतःच्या घरी ते म्हणाले, होतं कधी कधी असं.

त्या सकाळी ते बाहेरून आले तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं. टकळी तान्हुलीला मांडीवर घेऊन बसली होती, गरम पाण्याचा नळ सुरू, काकूंचा सूर चाललेला, आणि तान्हुली टक लावून नळाकडे बघत होती. टकळीचे डोळे भरून आले होते. काका दारातच थांबले. तिने त्यांना पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी दचकली.

"कॉक मीच फिरवते, बाबा," ती म्हणाली. काकांनी काही विचारलं नव्हतं. "तुम्ही टाकी लावली आणि आईचा आवाज फाटायला लागला. मला राहवेना. तुम्हाला सांगणार कसं? तुम्हाला वाटलं असतं, पोरीला वेड लागलं."

काका नळाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तीच फिरवते."

टकळी हसली नाही. "हिला आजी दाखवू कुठून मी? फोटो हिला कळत नाही. हे कळतं. बघा ना, कशी ऐकते."

काकांनी पाहिलं. तान्हुली खरंच ऐकत होती. तिच्या डोक्यावर, हातभर उंचीवर, गीझर लटकत होता आणि आतून ठकठकत होता. आणि एकाएकी काकांनी तो आवाज परक्या घरात ऐकावा तसा ऐकला. ते पुढे झाले आणि सेफ्टी व्हॉल्व्हची जीभ वर उचलली. गीझरमध्ये वाफ कोंडली तर ती बाहेर सोडणारी हीच एक वाट. तिथून धारेने पाणी यायला हवं. एक थेंबही आला नाही. दुसऱ्यांच्या घरी गेलं की आधी हीच जीभ उचलायची त्यांची पद्धत, आणि काकू गेल्यापासून इथली ती त्यांनी एकदाही उचलली नव्हती, कारण आत काय सापडेल हे त्यांना ठाऊक होतं.

"तिला घे आणि बाहेर जा," ते म्हणाले. "आत्ता."

टकळीने बापाचा चेहरा पाहिला आणि न विचारता उठली. काकांनी बटण बंद केलं, मग तिथेच भिंतीला टेकून बसले. बायकोच्या आवाजापायी आपण नातीच्या डोक्यावर काय टांगून ठेवलं होतं, ते त्यांना आता नीट दिसलं.

गीझर थंड झाल्यावर त्यांनी तो उतरवून अंगणात उघडला. तोंडाशी पांढरं कडं, मधे सुई जाईल एवढी वाट. व्हॉल्व्ह आतून दगडासारखा बुजलेला. बुडाशी थरावर थर. टकळी शेजारी येऊन बसली.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

"आता नाही का येणार आवाज?"

काकांच्या ओठांवर उत्तर तयार होतं, वर्षानुवर्षं घासलेलं. ते बाहेर आलं नाही. त्यांना छापखानेवाले आजोबा आठवले, दारात उभे, नखांत शाई. आजोबा केव्हाच गेले होते. माफी मागायलाही कुणी उरलं नव्हतं. लेकीसमोर कधी न रडलेला तो माणूस रडला, आणि टकळी, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, बोलत सुटली. आई कसं बोलायची, काय म्हणायची, कशावर चिडायची. दुपार होईपर्यंत ती बोलत होती.

नवा गीझर लागला, काकूंच्या लाइनवर मण्यांची टाकी कायमची बसली, आणि न्हाणीघर गप्प झालं. काका नर्सबाईंकडे जाऊन म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं होतं. मणी चालतात." नर्सबाई कारण विचारणार होत्या, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प राहिल्या, जे त्यांच्या बाबतीत आश्चर्यच. काकांनी चारही घरांत जाऊन आपला शब्द मागे घेतला. मग टाक्या बसवायचं काम सुरू झालं. सगळ्यांना ते एकच सांगत, की क्षार जाणार नाहीत, पाण्यातच राहतील, साबण थोडा जास्त लागेल, फक्त आता ते कुठे बसणार नाहीत. भुताचा विनोद मात्र त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी पाना काढायच्या आधी ते एक प्रश्न विचारू लागले. बहुतेक लोकांना तो कळायचा नाही, काही जण हसायचे.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको हसली नाही. तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याची भिंगं अजून टेबलावर होती. काकांनी मण्यांची टाकी भिंतीशी टेकवली आणि विचारलं, "कुठल्या नळाला काही आवाज येतो का, वहिनी? राहू द्यायचा असेल तर आधी सांगा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या भिंगांकडे.

"न्हाणीघरातला तेवढा राहू दे," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी तिच्या गीझरच्या व्हॉल्व्हची जीभ उचलली, पाणी धारेने आलं. त्यांनी ती पुन्हा एकदा उचलून पाहिली, आणि वहिनींनाही उचलायला शिकवलं, दर पंधरवड्याला, विसरायचं नाही. मग न्हाणीघराची लाइन तेवढी वगळून बाकी घराला टाकी जोडून दिली आणि बाहेर पायरीवर बुटाची नाडी बांधायला बसले. आत नळ सुरू झाला होता. नाडी बांधून झाली तरी काका उठले नाहीत.